आधी पेलोडचा स्टिकर वाचा
ओढायची क्षमता 4 टन आहे, मग 3 टनांच्या ट्रेलरला हलका पिकअप पुरे, हे गणित अर्धवट आहे. घोडं अडतं ते पेलोडवर, म्हणजे गाडी स्वतःच्या अंगावर जास्तीत जास्त किती भार पेलू शकते त्यावर. ट्रेलरच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार हिचवर (गाडीच्या मागच्या, ट्रेलर जोडायच्या कडीवर) येतो, म्हणजे 300 ते 450 किलो. त्यात चार माणसं आणि सामान धरा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर 650 किलो म्हणत असेल तर संपलंच की! गाडी मागून बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग तरंगतं. शिवाय ओढण्यापेक्षा उतारावर आवरणं कठीण. तिथे हेवी-ड्युटी (जड कामाच्या मोठ्या) डिझेल पिकअपचा एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून वेग आवरणारा ब्रेक, कामी येतो. वर्षातून दोनदाच ओढणार असाल तर मात्र हेवी-ड्युटी नकोच, रिकामी असली की दणके देऊन तुमचं कंबरडं मोडते.