अनुभव धागा : निवृत्तीनंतरची शाळा

शाळेतून निवृत्त झालेल्या सगळ्यांसाठी हा धागा. शिक्षकांनी लिहाच, पण लिपिक, शिपाई, ग्रंथपाल, प्रयोगशाळा परिचर यांनी आवर्जून लिहा. समाजासाठी काही करणारे म्हटलं की गुरुजी आणि बाईच आठवतात. शाळा ज्यांच्या हातांवर चालायची, त्यांना कुणी विचारत नाही. सुरुवात मी करते.

मी भाषा शिकवायचे. आता अंध विद्यार्थ्यांची लेखनिक म्हणून बसते. प्रश्न वाचायचा, मूल सांगेल ते लिहायचं, त्यात काय अवघड, असं वाटलं होतं. पहिल्याच पेपरला एका मुलीने चुकीचं उत्तर सांगितलं आणि माझं पेन थबकलं. क्षणभरच. तिने लगेच विचारलं, "चुकलं का?" मी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं, पण पेनाची खरखर थांबलेली तिने ऐकली होती. मी प्रश्न फक्त पुन्हा वाचून दाखवला. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. जन्मभर चुका सुधारलेल्या हाताला, चूक त्याच वेगाने लिहून काढायला शिकवणं फार जड गेलं. अजूनही परीक्षेच्या आधी सराव करते. घरच्यांना मुद्दाम चुकीची वाक्यं सांगायला लावते आणि जशीच्या तशी लिहिते.

निवृत्त लिपिक : आठवड्यातून दोन सकाळी लोकांचे अर्ज भरून देतो. आधी सगळे कागद शेजारी शेजारी मांडतो आणि नाव अक्षर अक्षर ताडून बघतो. एकीकडे ऱ्हस्व, दुसरीकडे दीर्घ, आणि माणूस हेलपाटे घालून थकतो. माझीच पेन्शनची फाईल एका अक्षरापायी सात महिने अडली होती, तीही मी स्वतः लिपिक असताना! ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करायचं? भरलेला अर्ज मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय मी कुणालाही सही किंवा अंगठा करू देत नाही.

ग्रंथपाल होते : वाचनालयातली फाटकी पुस्तकं दुरुस्त करते. कळकळीची विनंती, फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. ती पिवळी पडते, चिकटा कागदात मुरतो आणि मग पान वाचवणं कठीण होतं. गव्हाच्या पिठातल्या स्टार्चची पातळ खळ आणि पातळ कागदाची पट्टी पुरते. पुढे कधी काढायची झाली तर पाण्याने सुटते. वर्गीकरणही नव्याने लावलं. पुस्तकांना विषयानुसार आकडे देणारी ड्यूईची दशांश पद्धत १८७६ची, पण मुलांना अजून पटकन कळते : ५०० म्हणजे विज्ञान. आता मुलंच पुस्तकं जागेवर ठेवतात.

प्रयोगशाळा परिचर : बुटांच्या खोक्याला सुईने भोक पाडतो, समोरच्या बाजूला ट्रेसिंग पेपर लावतो. खिडकी उलटी दिसली की मुलं खोकंच उलटं धरतात. खिडकी तरीही उलटीच. मग "असं का?" म्हणून माझ्याभोवती गोळा होतात. नोकरीत असताना मांडामांड माझी असायची, समजावायचे सर. आता समजावतोही मीच.

गणिताचे शिक्षक : एक सावधगिरीचं सांगतो. सुरुवातीला मी कुणालाच नाही म्हणालो नाही आणि वर्षभरात आजारी पडलो. महिनाभर वर्ग बंद, मुलं येऊन परत जायची. आता ठरलेले दोनच वार, आणि माझ्या जागी घेईल असा एक जण आधीपासून तयार.

शिपाई होतो : लिहायची सवय नाही, मुलीकडून टाईप करून घेतोय. शाळा सुटताना रस्त्यावर उभा राहतो, लहान मुलांना पलीकडे नेतो. उभ्या गाड्यांच्या मागून मूल येतं तेव्हा चालवणाऱ्याला ते दिसत नाही, आणि गाडी किती जोरात येतेय हे त्या वयाला कळत नाही. म्हणून मी आधी गाड्या थांबवतो, मगच हात करतो. घंटा द्यायचो तेव्हापासून वेळ अंगात भिनलीय, घड्याळ बघावं लागत नाही. काल एकाने माझं बोट रस्ता ओलांडल्यावरही सोडलं नाही. त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडून आलो.