लेह वाळवंट, मग द्रास का नाही?

भटका_जीव: कोपेनच्या हवामान-वर्गीकरणात लेह ‘थंड वाळवंट’, द्रास मात्र नाही. दोन्ही लडाखमध्येच ना? आणि इतक्या उंचीवर टुंड्रा (ध्रुवाजवळचं असतं तसं अतिथंड हवामान) कसं नाही?

जुना_फौजी: द्रासला दोन हिवाळे काढलेत. सकाळी आधी फावड्याने दार मोकळं करायचं, मग चहा. झोजी ला खिंड जवळच, भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी झंझावात तिथेच बर्फ ओततात. लेहपर्यंत उरतं काय? वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर.

हवामानवेडी: टुंड्रासाठी सर्वांत उबदार महिन्याची सरासरी १० अंशांखाली हवी. लेहचा जुलै बराच वर. कोपेन उंची बघतच नाही, फक्त तापमान आणि पाऊस-बर्फ.

जुना_फौजी: खरंय. जुलैत दुपारी बनियनवर बसायचो! रात्री मात्र स्वेटर.

भटका_जीव: काका, मग जूनमध्ये बाइकवरून जाऊ?