छळ सोसणाऱ्यांच्या धैर्यावरून विश्वास खरा ठरतो का?

प्रश्न
सोलापुरातील आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघात मागच्या रविवारी मी दुसऱ्या शतकातला स्मुर्णा शहराचा बिशप पॉलिकार्प याची गोष्ट सांगितली. ज्या राजाची, म्हणजे ख्रिस्ताची, ८६ वर्षे सेवा केली आणि ज्याने माझे कधी वाईट केले नाही, त्याची निंदा कशी करू, असे म्हणून तो म्हातारा चितेला सामोरा गेला. त्यावर अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "१९३१ साली फासावर गेलेल्या आपल्या चार हुतात्म्यांत हिंदू होते, मुसलमानही होता. धैर्य सगळ्यांनीच दाखवले. मग त्यावरून आपला विश्वास खरा कसा?" मला उत्तर सुचले नाही.

उत्तर १
मुलाचे बरोबर आहे, आणि त्याला तसे सांगावे. धैर्यावरून माणूस प्रामाणिक आहे एवढेच कळते. पॉलिकार्प ऐकलेल्या साक्षीवर विसंबून होता. येशूच्या बारा प्रेषितांपैकी (निवडक शिष्यांपैकी) जब्दीचा मुलगा याकोब, ज्याला हेरोद अग्रिप्पा राजाने तलवारीने मारले, त्याची गोष्ट वेगळी. येशूला धरले त्या रात्री पळून गेलेल्यांपैकीच तो होता, आणि हीच माणसे काही आठवड्यांत यरुशलेमेत उघडपणे 'मरणातून उठलेल्या येशूला आम्ही पाहिले' असे सांगू लागली; ते खोटे असते, तर ते सर्वांत आधी त्यांनाच ठाऊक असते. मात्र सगळ्याच प्रेषितांच्या मरणकथा पुरावा म्हणून सांगू नयेत, बऱ्याचशा फार उशिराच्या आहेत.

उत्तर २
यात विरोधकाचेही लिखाण आहे. बिथुनिया या रोमन प्रांताचा सुभेदार प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट त्रायानला कळवले की, तो आरोपींना तीनदा विचारतो आणि तरीही 'ख्रिस्ती आहे' म्हणणाऱ्याला मृत्युदंड देतो. मंडळीत सेविका म्हणवल्या जाणाऱ्या दोन दासींचा त्याने छळ केला, पण अंधश्रद्धेपलीकडे काही हाती लागले नाही, असे तो लिहितो. त्यांची नावे मात्र त्याने दिलेली नाहीत.

उत्तर ३
जे टिकले नाहीत त्यांच्याबद्दलही सांगा. इ.स. २५० मध्ये रोमन सम्राट डेसियसने सर्वांना देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घेण्याचा हुकूम काढला. असे दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज शहरात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी बळी अर्पिला, काहींनी पैसे देऊन नुसता कागद मिळवला, आणि नंतर ते रडत परत आले. तिथल्या मंडळीचा अध्यक्ष (बिशप) सिप्रियन याने त्या वेळी लपून जीव वाचवला होता. पश्चात्ताप करणाऱ्यांना त्याने अखेर परत घेतले, आणि २५८ साली स्वतः तलवारीखाली मान दिली. माझा विश्वास पॉलिकार्पपेक्षा या परत आलेल्यांमुळे अधिक टिकला आहे.