नारळ हाच खरा मुद्दा

कोणीतरी विचारलंय की नारळ झाडावरचाच ना मग लो फॅट प्लांट बेस्ड डाएटमध्ये (म्हणजे कमी फॅटचं, भाज्या, डाळी, धान्यांवरचं जेवण) तो का नको. अहो झाडावरचा असला तरी १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साधारण ३३ ग्रॅम फॅट असतं, आणि फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, भाताच्या कार्बला नि डाळीच्या प्रोटीनला ४च. आपल्या गोव्यात रोजच्या तोणकाला (खोबऱ्याच्या वाटणाची दाट आमटी) अर्धा नारळ सहज जातो, वर सोलकढीला रस वेगळा, त्यामुळे मासे मटण सोडूनही वजनाचा काटा हलत नाही आणि माणूस बिचारा निराश होतो.

मी काय केलं सांगते, नारळ बंद नाही केला, आळसांद्याच्या (चवळीसारखं कडधान्य) तोणकात दोन चमचेच घालते आणि थोडे आळसांदे शिजवून वाटून त्यातच मिसळते, रस मस्त दाट होतो. खतखत्यात, म्हणजे आपल्या मिक्स भाजीत, तर भाज्या आणि तिरफळाचीच चव एवढी असते की खोबरं कमी झालेलं घरात कोणाला कळलंही नाही! सोलकढीऐवजी फुटी कढी, म्हणजे नारळाच्या रसाशिवायची कोकमाची कढी. पाव सोडून पोयी (गव्हाच्या कोंड्याचा गोव्याचा पाव), उकडा भात मात्र तोच, फक्त एकदाच वाढून घेते. फोडणीचं तेलही चमच्याने मोजा, एका मोठ्या चमच्यात १२० कॅलरी असतात.

आणि दूध दही पण सोडणार असाल तर व्हिटॅमिन बी१२ची गोळी डॉक्टरांना विचारून नक्की सुरू करा प्लीज, ते भाज्यांतून मिळत नाही. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर आधी डॉक्टर, मग डाएट.