मदत हवी आहे: उड्डाणावरून उतरवलेल्या केबिन क्रूचा प्रसूतीलाभ कोणत्या पगारावर मोजला जातो?

नमस्कार. मी एका खासगी विमानकंपनीत मुंबई बेसवर केबिन क्रू म्हणून काम करते आणि काही वर्षांपासून लीड क्रूची, म्हणजे उड्डाणातील क्रूच्या प्रमुखाची, जबाबदारी सांभाळते. सध्या मी गरोदर आहे. कामगार कायद्यांची, विशेषतः प्रसूतीलाभाची आणि युनियनच्या कामाची प्रत्यक्ष माहिती असलेल्यांकडून मला नेमके मार्गदर्शन हवे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमच्या पगाराची रचना बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. सॅलरी स्लिपवर बेसिक आणि घरभाडे भत्ता मिळून एकूण रकमेचा जेमतेम तिसरा हिस्सा भरतो. उरलेला बहुतेक भाग उड्डाणभत्त्याचा असतो आणि तो तासांवर मिळतो. हा तास ड्युटीचा नसतो. विमानाच्या चाकांना लावलेले चॉक्स (अडसराचे ठोकळे) निघाल्यापासून ते पुन्हा लागेपर्यंतचा वेळ, ज्याला आम्ही ब्लॉक अवर म्हणतो, तेवढाच हिशेबात धरला जातो. त्याआधीचे ब्रीफिंग, आपत्कालीन साहित्याची तपासणी, प्रवाशांचे बोर्डिंग, वयस्करांना आणि तान्ह्या मुलांच्या आयांना जागेवर नीट बसवणे, दोन उड्डाणांच्या मधल्या वेळात पुन्हा केबिन तपासणे आणि उशीर झाला की त्रासलेल्या प्रवाशांची समजूत काढणे, हे सारे त्याबाहेर राहते. दिल्लीच्या धुक्यात विमान कित्येक तास बोर्डिंगविना उभे राहिले, तर ते तास आमच्या ड्युटीत जमा होतात, पगारात होत नाहीत.

ही पद्धत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत डेल्टाने २०२२ मध्ये बोर्डिंगच्या वेळेसाठी तासाच्या दराच्या निम्मे पैसे देण्यास सुरुवात केली. तिथे केबिन क्रूची युनियन नाही, पण ती उभी करण्याची मोहीम त्या वेळी चालू होती आणि हा योगायोग असेल असे मला वाटत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये एअर कॅनडाच्या सुमारे १०,००० केबिन क्रूनी जो संप केला, त्यातही जमिनीवरच्या बिनपगारी कामाचा मुद्दा अग्रभागी होता.

माझा आजचा प्रश्न याच रचनेतून निघालेला आहे. गर्भधारणा कळवताच मला उड्डाणाच्या ड्युटीवरून उतरवण्यात आले. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानंतर मला प्रशिक्षण विभागात बसून करायचे काम देण्यात आले. मी रोज पूर्ण वेळ काम करते, मात्र उड्डाण नसल्यामुळे उड्डाणभत्ता शून्यावर आला आहे. आता एचआर विभागाचे म्हणणे असे आहे, की २६ आठवड्यांच्या प्रसूतीरजेतील लाभ हा रजेच्या लगेच आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी वेतनावर ठरतो आणि त्या तीन महिन्यांत मी उड्डाण केलेले नसल्यामुळे लाभही त्या उतरलेल्या पगारावरच मिळेल. म्हणजे गरोदरपणाचे महिने आणि रजेचे महिने मिळून जवळपास वर्षभर माझे उत्पन्न तिसऱ्या हिश्श्यावर येणार. घराचे हप्ते, सासूबाईंचे औषधपाणी आणि प्रसूतीचा खर्च याच काळात आहे.

एअर इंडियाच्या हवाईसुंदरींना पहिल्या गर्भधारणेबरोबर सेवेतून काढून टाकण्याचा नियम एके काळी होता. नर्गेश मिर्झा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तो रद्द केला आणि असा नियम म्हणजे भारतीय स्त्रीत्वाचा उघड अपमान आहे, असे स्पष्ट शब्दांत नोंदवले. (त्याच निकालात पहिल्या चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र कायम राहिली, तर वयाच्या ३५ व्या वर्षी निवृत्तीच्या नियमातला, पुढची मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर सोडणारा भाग रद्द झाला, हेही आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकीला माहीत असायला हवे.) त्या लढ्यामुळे आज माझी नोकरी शाबूत आहे. पण नोकरी ठेवून पगाराचा दोनतृतीयांश भाग काढून घेण्याची मुभा कायदा देतो का, हे मला समजून घ्यायचे आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझा करार ठरावीक मुदतीचा आहे आणि ती मुदत प्रसूतीरजेच्या मध्येच संपते. त्यानंतरचा लाभ देण्यास कंपनी बांधील नाही, असे मला तोंडी सांगण्यात आले. शिवाय लीड क्रू पर्यवेक्षक असल्यामुळे मी कामगार ठरत नाही आणि मला युनियनमध्ये सामील होता येणार नाही, असेही सांगण्यात आले. यातले काहीही लेखी दिलेले नाही. आमच्या बेसवर आणखी काही जणी याच परिस्थितीत आहेत, त्यामुळे उत्तर एकटीपुरते राहणार नाही.

प्रतिसाद

ताई, प्रथम अभिनंदन. मी कामगार कायद्याची वकिली करतो. आपण मांडलेले प्रश्न एकमेकांत मिसळू देऊ नका, कारण त्यांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत आहेत.

प्रसूतीलाभासाठी कामगार की पर्यवेक्षक हा भेदच नाही. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेल्या, कायदा लागू असलेल्या आस्थापनेतील कोणत्याही स्त्रीला तो मिळतो. मुदतीच्या कराराबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये डॉ. कविता यादव यांच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे, की करार संपला तरी पूर्ण कालावधीचा लाभ द्यावा लागतो. तो निकाल १९६१ च्या प्रसूतीलाभ कायद्याखालचा आहे, पण या तरतुदी त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेत जवळपास तशाच आल्या आहेत. तेव्हा तोंडी उत्तर मान्य करू नका.

आता मुख्य मुद्दा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि वेतनाची व्याख्या बदलली. घरभाडे भत्ता व नोकरीच्या स्वरूपामुळे होणारा विशेष खर्च भागवण्यासाठी दिलेली रक्कम वगळता येते, पण वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या तर वरचा भाग वेतनातच मिळवावा लागतो. समजा बेसिक २०,०००, घरभाडे ५,००० आणि उड्डाणभत्ता ५०,००० आहे. कंपनीने घरभाडे आणि भत्ता दोन्ही वगळले, तरी वेतन ३७,५०० च्या खाली जात नाही. माझ्या मते तासांवर मिळणारा उड्डाणभत्ता हा खर्चाची भरपाई नसून कामाचाच मोबदला आहे. लेओव्हरच्या (परगावी मुक्कामाच्या) जेवणाचे पैसे ही भरपाई असते. हा युक्तिवाद टिकला तर वेतन ७०,००० धरावे लागेल.

मात्र तीन महिन्यांची अडचण उरतेच, कारण त्या काळात भत्ता देयच नव्हता असे कंपनी म्हणेल. यासाठी एका दुर्लक्षित तरतुदीकडे लक्ष वेधतो. अपेक्षित प्रसूतीच्या आधीच्या सहा आठवड्यांपूर्वीचा एक महिना, आणि त्या सहा आठवड्यांतला रजा न घेतलेला काळ, यांत गरोदर स्त्रीने विनंती केल्यास तिला कष्टाचे किंवा फार वेळ उभे राहण्याचे काम देता येत नाही, आणि असे हलके काम दिले म्हणून तिचे नेहमीचे वेतन कापता येत नाही. लाभ ज्या तीन महिन्यांवर मोजायचा, त्यांचा काही भाग या काळात येतो. तरतूद विनंतीवर अवलंबून असल्याने तो अर्ज आजच लेखी करा, पोच घ्या आणि उड्डाण चालू असतानाच्या सॅलरी स्लिपा व रोस्टर जपून ठेवा. हवाई वाहतुकीसाठी समुचित शासन, म्हणजे या कायद्यांखाली अधिकार असलेले सरकार, केंद्र सरकार आहे, त्यामुळे राज्याच्या कामगार कार्यालयात न जाता केंद्रीय श्रम आयुक्तांच्या मुंबईतील कार्यालयात तक्रार करावी.

युनियनबाबत एवढेच, की पदाच्या नावावरून कोणी पर्यवेक्षक ठरत नाही. प्रत्यक्ष काम मुख्यतः कोणते, हे पाहिले जाते. उड्डाणाचा बहुतेक वेळ आपण प्रवाशांची सुरक्षा आणि सेवा यांतच घालवत असाल, तर आपली बाजू भक्कम आहे. कामगारांपैकी दहा टक्के किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी असेल तेवढे, पण किमान सात, सभासद असले की नोंदणी होते. एकाहून अधिक युनियन असतील, तर कंपनीशी वाटाघाटी करणारी एकमेव युनियन व्हायला मात्र ५१ टक्के सभासद लागतात.

धागाकर्ती

मनापासून आभार. हलक्या कामाचा अर्ज आज रात्रीच लिहीत आहे.

युनियनचा विषय निघाला म्हणून एक शंका मांडते. मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या २०० हून अधिक केबिन क्रूनी एकाच वेळी आजारपण कळवले, काहींना कामावरून काढण्यात आले आणि दिल्लीत मुख्य श्रम आयुक्तांसमोर बैठक झाल्यावर ती कारवाई मागे घेण्यात आली. आमच्या बेसवरील काही मैत्रिणी तोच मार्ग सुचवतात. माझ्या वाचनानुसार नव्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली किरकोळ रजा हादेखील संपच ठरतो आणि संपासाठी १४ दिवसांची नोटीस लागते, त्यामुळे मी त्यांना थांबण्याची विनंती केली आहे.

आमची मागणी एकच आहे: उड्डाणावरून उतरवलेल्या काळात आधीच्या सरासरी ब्लॉक अवरइतका किमान भत्ता करारातच लिहिला जावा. अशी तरतूद भारतातील एखाद्या विमानकंपनीच्या करारात कोणी पाहिली असल्यास तिचा मजकूर कृपया इथे द्यावा. तसेच केंद्रीय श्रम आयुक्तालयाच्या समाधान पोर्टलवर अनेकींची एकत्रित तक्रार नोंदवावी की प्रत्येकीने स्वतंत्र, हेही अनुभवी सभासदांनी सांगावे.