म्होरक्यानं ऐकून घ्यायचं कसं? – अनुभव धागा

'पुढाऱ्यानं नम्र असावं' हे सगळेच सांगतात. कसं, ते इथं लिहा. फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना), संघ, मंडळ, भजन, काहीही चालेल. आपबीती नको, काय करायचं आणि कुठं फसतं तेवढंच.

उद्यमबाग (बेळगाव), फाउंड्री
कास्टिंगला (ओतीव तुकड्याला) ब्लोहोल, म्हणजे वायूचं भोक, आला की सुपरवायझर आधी मोल्डरवर (वाळूचा साचा करणाऱ्यावर) घसरतो. कारण कधी वाळूच्या ओलीत असतं (साधारण ३ ते ४ टक्के हवी), कधी व्हेंट (वायू बाहेर जायची भोकं) बुजलेले असतात, कधी कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) कच्चा असतो. जुन्या मोल्डरला ओल मुठीत कळते: वाळू दाबून गोळा करायचा आणि मोडायचा, कडा धारदार राहिल्या तर ठीक. हे तो आपणहून सांगत नाही. केबिनमध्ये बोलावलं तर मुळीच नाही. खराब तुकडा घेऊन त्याच्या जागेवर जा. 'कुणाचं चुकलं?' नको, 'मी काय बदलू?' असं विचारा आणि गप्प राहा. पहिलं उत्तर 'सगळं बरोबर हाय साहेब' असंच येतं. मनात दहा मोजा, दुसरं येतं ते कामाचं.

एसजी आयर्नला (गोल ग्राफाइटच्या ओतीव लोखंडाला) मात्र एवढा वेळ नसतो. मॅग्नेशियम दिल्यावर दहाएक मिनिटांत ओतून संपवावं लागतं; उशीर झाला की मॅग्नेशियम उडतं, ग्राफाइट गोल राहत नाही. म्हणून लॅडलवाल्याला (वितळलेल्या धातूचं भांडं सांभाळणाऱ्याला) 'ओतू नका' म्हणायचा हक्क शिफ्ट सुरू होतानाच, सगळ्यांसमोर द्यायचा. त्यानं थांबवलं की वाद घालत बसू नका. तो धातू पिगच्या (परत वितळवायच्या लादीच्या) साच्यात ओता, चर्चा नंतर. टार्गेटसाठी एकदा त्याचं डावललं, की पुढच्या हीटला (वितळणीच्या खेपेला) तो तोंड उघडत नाही.

खानापूर तालुका (बेळगाव जिल्हा), स्त्रीशक्ती संघ (बायकांचा बचतगट)
आमच्याकडचा घोळ वेगळा. कर्जाचे कागद कन्नडात, अध्यक्षबाई मराठी शाळेतल्या. विचारायची लाज वाटते म्हणून सही ठोकतात. कन्नड शाळेत शिकलेल्या धाकट्या सभासदाला बैठकीतच मोठ्यानं वाचायला सांगा. रक्कम, व्याजदर, हप्ता, मुदत मराठीत वहीत उतरवा, मग सही. नाही समजलं तर सरळ 'पोरी, परत एकदा सांग की' म्हणायचं. अध्यक्षच विचारतात म्हटल्यावर बाकीच्या बायकाही विचारायला लागतात.

शहापूर (बेळगाव), शिवजयंती मंडळ
पदाधिकाऱ्यांनाच विचारून काय उपयोग? ते 'झकास झालं' म्हणणार. तिघांना विचारा: मंडळ सोडून गेलेला एक, यंदा आलेला एक, आणि चित्ररथ ओढणारा ट्रॅक्टरवाला. उंची तारांखालून जाते का, वळणावर मागचा भाग कुठं घासतो, हे त्यालाच ठाऊक. आणि हे सजावट सुरू व्हायच्या आधी विचारायचं, सगळं चढवून झाल्यावर नव्हे.

आठवड्याभरात तिघांनाही कळवा: हे करतोय, हे नाही, कारण अमुक. हे राहून गेलं की पुढच्या वर्षी कोण बोलत नाही. नुसतं हात जोडून 'सूचना कराव्यात' म्हणणारे अध्यक्ष पुष्कळ बघितलेत!

भजनी मंडळ
गाणाऱ्यानं पट्टी (मूळ सूर) पेटीच्या काळी चारला धरली आणि टाळकऱ्यांचे आवाज फाटले, तर एक पट्टी खाली या. लय पळायला लागल्याचं पखवाजवाल्याला आधी कळतं. त्याची खूण ठरवून ठेवा. भजन संपल्यावर पहिला आणि शेवटचा अभंग मोबाइलवर त्याच्याशेजारी बसूनच ऐका.

धागाकर्ता
निपाणीकडचं कुणी तंबाखूच्या वखारीतलं लिहा की.