विषय: फ्लॉरेन्समधला कोल्हापूरकर

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात इटलीला जाऊन आलो. पुतळे, चर्च, पिझ्झा हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून झालंय. इथे लिहायचंय ते शेवटच्या दिवसाबद्दल.

नवरा शुक्रवार पेठेतला, पंचगंगेत पोहायला शिकलेला. तिकिटं काढली तेव्हापासून त्याचं एकच पालुपद: फ्लॉरेन्सच्या काशिने पार्कच्या टोकाला आपले कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) आहेत, तिथे जायचं. धाकटी आइस्क्रीमच्या बोलीवर तयार झाली. थोरला कानात हेडफोन घालून मागे. ट्राममधून उतरून नदीच्या कडेकडेने चालतोय, चालतोय, पार्क काही संपेना.

आणि झाडीच्या शेवटी एकदम छत्री! खांब, वर घुमट, आत महाराजांचा अर्धपुतळा, तोही रंगवलेला. आठवडाभर पांढरा संगमरवर पाहून डोळे थिजले होते, त्यात हा रंगीत फेटा. घाटावरचं एखादं समाधिमंदिर कुणी उचलून आणून ठेवलंय असं वाटलं.

१८७० मध्ये महाराज इंग्लंड पाहून परत निघाले होते. वाटेत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये गेले. वय जेमतेम वीस. आमचा थोरला एकोणीसचा आहे, अजून मळके कपडे पिशवीत भरून घरी आणतो.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी. दहनाची तिकडे पद्धतच नव्हती, खास परवानगी काढावी लागली. जागा मिळाली ती संगमावरची. मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे रात्री चिता पेटली आणि बघायला गाव लोटलं. छत्री झाली १८७४ मध्ये. जवळच्या पुलाचं नावसुद्धा 'पोन्ते आल्लइंदियानो', म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल.

नवरा एकटाच पाण्याकडे उतरला. २०२१ मध्ये सासरे गेले तेव्हा आम्हाला जाता आलं नव्हतं. दिरांनी अग्नी दिला, आम्ही स्वयंपाकघरात मोबाइल डब्याला टेकवून पाहिलं. तो त्याबद्दल कधी बोलत नाही. वर आला आणि म्हणाला, "प्रयाग चिखलीसारखंच आहे बघ." प्रयाग चिखली म्हणजे कोल्हापूरजवळचा नद्यांचा संगम. काहीही सारखं नव्हतं. मुन्योने म्हणजे ओढाच, आणि पुलावरून ट्रक धडधडत होते. मी हो म्हटलं.

– कोल्हापूरची सून, म्युनिक

---

वहिनी,

मेल दोनदा वाचली. दुसऱ्यांदा हिला मोठ्याने वाचून दाखवली.

एक पुस्ती जोडतो. महाराजांची त्या प्रवासाची रोजनिशी त्यांच्यासोबत गेलेले इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये लंडनला छापली. जरूर वाचा. फक्त त्यात मुलाचा शब्द किती आणि साहेबाचा हात किती, हे मला वाचताना सारखं खटकत राहिलं.

आणि पुन्हा गेलात तर मोन्तोने चुकवू नका. फ्लॉरेन्सहून गाडीने दोनेक तास, डोंगरावरचं इवलंसं गाव. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्री, तिथल्या लढाईत १० जुलै १९४४ रोजी पडले. वय २२. तुकडीतले बाकीचे सगळे मेले किंवा जखमी झाल्यावर हे एकटे मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजाने टिपलं. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. नाव कोरलंय ते कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर, पार दक्षिणेला.

मोन्तोनेत त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळ २०२३ मध्ये बसवलंय. आम्ही गेलो तेव्हा आभाळ भरून आलेलं, सावलीच पडेना. ही म्हणाली, थांबू. अर्धा तास थांबलो. नाहीच पडली.

– काका, झुरिक

---

काका, दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतील का? मे महिन्यात आई-बाबा येताहेत. बाबांचे गुडघे दुखतात, पण हे सांगितलं तर ते उफिझी संग्रहालय सोडून आधी इथेच चला म्हणतील!

– स्टुटगार्टकर

---

एका दिवसात कोंबू नकोस रे, बाबांना तिथे थोडं बसू दे. पार्कातून चालवत नेऊ नकोस, टॅक्सी कर आणि ड्रायव्हरला छत्रीचा फोटो दाखव.

फुलं शहरातूनच घेऊन जा. आम्हाला तिथे काही मिळालं नाही. निघताना मागे वळून पाहिलं तर थोरला कठड्यापाशी वाकला होता. वाटेतलं पिवळं रानफूल. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

– कोल्हापूरची सून